घटस्फोटानंतर मुलाचा आरोग्य विमा: पहिल्यांदाच हे सांभाळणाऱ्या आईवडिलांसाठी

आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने न्यायालयात दिलेल्या घटस्फोटाच्या लेखी अटींमध्ये, विम्याबद्दल एकच ओळ होती. ‘अपत्याच्या वैद्यकीय विम्याची जबाबदारी वडिलांची राहील.’ वकिलांनी ती वाचून दाखवली, आम्ही दोघांनी माना डोलावल्या, सह्या झाल्या. पुढे वर्षभराने मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली गेल्या आणि मी त्याला घेऊन हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कसमोर उभी राहिले. माझ्या फोनमध्ये ई-कार्डाचा फोटो होता. डेस्कवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, “मॅडम, ही पॉलिसी बंद दाखवतेय.”

मुलाच्या बाबांनी नोकरी बदलली होती. जुन्या कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवशी संपली होती. नव्या कंपनीत मुलाचं नाव घालायचा फॉर्म मेलमध्ये आला होता आणि तो त्यांच्या नजरेतून निसटला होता. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. ती एक ओळ एवढ्या सगळ्याला पुरेशी नव्हती, इतकंच. डिपॉझिट मी भरलं, मुलगा बरा झाला, आणि त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला.

आज माझी कसोटी एकच आहे: आजारी मुलाला घेऊन आईवडिलांपैकी जो कुणी काउंटरवर उभा असेल, त्याला दुसऱ्याला फोन न लागताही विमा वापरता आला पाहिजे. पुढचं सगळं तिथपर्यंत पोचण्यासाठी आहे. नियम भारतातले आहेत.

पहिलं काम: आत्ता काय चालू आहे ते कागदावर आणा

घटस्फोटाच्या धावपळीत घर, पोटगी, ताबा यांवर बोलणी होतात आणि विमा ‘आहे की’ म्हणून सुटतो. म्हणून आधी शोध घ्या. मुलाचं नाव साधारण तीन ठिकाणी सापडू शकतं.

एक म्हणजे नोकरीतून मिळणारी ग्रुप पॉलिसी. हिचा मालक कर्मचारी नसतो, कंपनी असते. नोकरी गेली की कव्हर गेलं, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी. दुसरी, दोघांपैकी कुणी स्वतः विकत घेतलेली पॉलिसी, बहुतेक वेळा फॅमिली फ्लोटर, म्हणजे एकच विमा रक्कम सगळ्या कुटुंबात वाटून. तिसरं सरकारी कवच: ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा), सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), आयुष्मान भारत, महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना. ईएसआयसीमध्ये कर्मचाऱ्याने कुटुंबाची जी माहिती भरलेली असते तीच धरली जाते. जनआरोग्य योजनेत रेशन कार्ड लागतं, आणि वेगळं झाल्यावर मुलाचं नाव कोणाच्या कार्डावर राहिलंय हे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. ते पाहून घ्या.

प्रत्येक पॉलिसीसाठी या गोष्टी लिहून काढा: पॉलिसी क्रमांक, प्रपोजर (ज्याच्या नावे पॉलिसी निघते तो) कोण, मुलाचं नाव आणि जन्मतारीख कशी छापली आहे, विमा रक्कम किती, संपण्याची तारीख, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) असल्यास कोणता, आणि रिन्युअलचे मेसेज कोणाच्या मोबाइलवर जातात. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. मेसेज ज्याच्या फोनवर जातो त्याने हप्ता भरला नाही, तर दुसऱ्याला कळायला मार्गच नसतो.

घटस्फोटाने विम्यात काय बदलतं

डिक्री (घटस्फोटाचा न्यायालयाचा हुकूम) झाली की पती किंवा पत्नी एकमेकांच्या पॉलिसीत ‘जोडीदार’ राहत नाहीत. त्यांचं नाव काढावं लागतं. मूल मात्र दोघांचंही कायदेशीर अपत्यच राहतं. ताबा कोणाकडेही असो, आई आपल्या पॉलिसीत आणि वडील आपल्या पॉलिसीत त्याला ठेवू शकतात. एकाच वेळी दोन्हीकडे ठेवायलाही काही हरकत नाही. नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला चालतो. आई प्रपोजर असेल तर वडिलांच्या सहीची गरज नसते. हे मी ठासून सांगते, कारण कितीतरी जणी ‘त्यांनी सही दिली तरच’ म्हणून थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

जुन्या फ्लोटरचं काय करायचं? रागाच्या भरात ती बंद करू नका. आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही, सध्याच्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं. शिवाय नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस सहसा काहीच मिळत नाही. जुन्या पॉलिसीत हा काळ मुलाने ‘भोगलेला’ असतो आणि तो त्याच्या नावावर जमा असतो. रिन्युअलच्या वेळी त्याच कंपनीकडे पॉलिसी विभागून मागा, किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, म्हणजे हा जमा काळ न गमावता तिकडे हलवा. दोन्ही वेळा ‘जुन्या पॉलिसीतला प्रतीक्षा काळाचा लाभ मुलाला मिळावा’ असं लेखी मागा आणि नव्या पॉलिसीवर तसा उल्लेख आहे का ते तपासा. पोर्ट करायचं असेल तर रिन्युअलच्या दोन महिने आधी हालचाल सुरू करा. शेवटच्या आठवड्यात अर्ज केलात तर कंपनी वेळेचं कारण देऊन हात वर करते.

नोकरीतल्या पॉलिसीची गोष्ट वेगळी. मुलाचं नाव मध्येच घालायला बहुतेक कंपन्या ठरावीक प्रसंगांनाच परवानगी देतात: नवीन रुजू होणं, लग्न, बाळाचा जन्म. त्यासाठीही ३० दिवसांच्या आसपासची मुदत असते, काही ठिकाणी त्याहून कमी. घटस्फोट त्या यादीत असेलच असं नाही. समजा आजवर मूल वडिलांच्या ग्रुपमध्ये होतं आणि आता ते आईच्या ग्रुपमध्ये आणायचं आहे. तर आईने एचआरला आधी मेल करून विचारावं: डिक्रीच्या आधारे आत्ता नाव घालता येईल का, की पुढच्या रिन्युअलपर्यंत थांबायचं? उत्तर ‘थांबा’ असेल तर तोवर वडिलांनी नाव काढू नये. आधी नवीकडे नाव लागू द्या, ई-कार्ड हातात येऊ द्या, मगच जुनीकडून काढा.

नोकरी सुटत असेल तर आणखी एक वाट आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी आरोग्याची माहिती पाहून निर्णय घेते, पण आधीचा काळ धरला जातो. राजीनाम्याच्या नोटीस पिरियडमध्येच ते विचारावं लागतं.

प्रपोजर कोण असावा

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण अर्धी भांडणं इथून सुरू होतात.

अल्पवयीन मुलाला करार करता येत नाही. त्यामुळे पॉलिसी कुणातरी मोठ्या माणसाच्या नावे निघते, तो प्रपोजर. पॉलिसीतले बदल तोच करू शकतो. ओटीपी त्याच्या फोनवर येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्लेमची रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा होते. हॉस्पिटलचं बिल आईने आपल्या कार्डावरून भरलं, कागदपत्रं तिने गोळा केली, फॉर्म तिने भरला, तरी रिइम्बर्समेंटचे (भरलेल्या बिलाच्या परताव्याचे) पैसे वडिलांच्या खात्यात जातात, कारण प्रपोजर ते. ग्रुप पॉलिसीत तर कर्मचाऱ्याच्या खात्याशिवाय दुसरा पर्यायच नसतो. संबंध बरे असतील तर ते संध्याकाळपर्यंत पैसे पाठवतात. संबंध ताणलेले असतील तर ‘त्या जुन्या हिशोबातून वळते करून घेतले’ असं उत्तर येतं आणि बिल भरणारा तसाच राहतो.

माझा सल्ला असा: एक वैयक्तिक पॉलिसी अशी असू द्या जिचा प्रपोजर मूल ज्याच्याकडे राहतं तोच असेल. ही मुलाची पक्की जमीन. नोकरी कुणाचीही बदलो, ती हलत नाही. दुसऱ्या पालकाच्या नोकरीतली ग्रुप पॉलिसी मिळत असेल तर जरूर घ्या, पण ती वरचा मजला समजा. पैशाची वाटणी याच्या आड येत नाही. आई प्रपोजर आणि मुलाच्या वाट्याचा हप्ता वडील तिच्या खात्यात पाठवतात, असं सहज करता येतं.

फक्त मुलाच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी शोधायला गेलात तर निराशा होण्याची शक्यता आहे. बऱ्याच कंपन्या आईवडिलांपैकी एकजण विमाधारक असल्याशिवाय लहान मुलाला घेत नाहीत. काही घेतात, पण ठरावीक वयानंतर. त्यामुळे ‘आई आणि मूल’ किंवा ‘वडील आणि मूल’ असा दोघांचा फ्लोटर हाच बहुतेकांसाठी सरळ मार्ग ठरतो. अशा पॉलिसीत आश्रित मूल साधारण ९१ दिवसांपासून २५ वर्षांपर्यंत राहू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

पॉलिसी निवडताना एकत्र कुटुंबाला सहसा न पडणारा एक प्रश्न विचारा: मूल दोन गावांत राहतं का? काही पॉलिसींचा हप्ता शहराच्या झोननुसार ठरतो. लहान शहरात घेतलेली स्वस्त पॉलिसी मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात वापरली तर बिलाचा काही टक्के भाग स्वतः भरावा लागू शकतो. मूल सुट्टीत महानगरात जात असेल तर तिथल्या झोनची पॉलिसी घ्या किंवा झोनचं बंधन नसलेली शोधा. दोन्ही घरांजवळची नेटवर्क हॉस्पिटलंही (विमा कंपनीशी करार असलेली) पाहून ठेवा, निदान दोन-दोन. खोलीभाड्याची मर्यादाही तेव्हाच वाचा. ती ओलांडली की फक्त भाडंच नाही, बिलातल्या इतर खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते.

फॉर्म भरताना दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत

मुलाला लहानपणी फिट आली होती, दमा आहे, हर्नियाचं ऑपरेशन झालंय, हे आईला माहीत असतं आणि वडील फॉर्ममध्ये ‘काही नाही’ लिहून मोकळे होतात. किंवा उलट: मे महिन्यात मूल वडिलांकडे असताना दोन दिवस ॲडमिट होतं आणि आईला ‘थोडं बरं नव्हतं’ एवढंच सांगितलेलं असतं. मग दोन पॉलिसींत मुलाचा दोन तऱ्हेचा इतिहास जातो. क्लेमच्या वेळी केस पेपरवर डॉक्टर जुना आजार लिहितात आणि ज्या फॉर्ममध्ये तो नाही, ती कंपनी ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पण पाच वर्षं वाट पाहायची कशाला?

म्हणून दोघांत मिळून मुलाची एक आरोग्य फाइल करा. गूगल ड्राइव्हवरचं फोल्डर चालेल, व्हॉट्सॲपवर दोघांचाच एक ग्रुप चालेल, ज्यात आरोग्याशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, ॲलर्जी, प्रत्येक डिस्चार्ज समरी, चालू औषधं. एकमेकांशी एरवी बोलायचं नसेल तरी हे एवढं चालू ठेवा. विम्याचं सोडाच, पेनिसिलिनची ॲलर्जी दुसऱ्या घरी माहीत नसणं फार महागात पडतं.

पॉलिसी हातात आली की स्पेलिंग, जन्मतारीख, लिंग आणि जाहीर केलेले आजार तपासा. आधार कार्डावर मुलाचं नाव एक आणि पॉलिसीत दुसरं असेल, किंवा आईने आडनाव बदललं असेल आणि जुन्या कागदांवर सासरचं असेल, तर आत्ताच एंडोर्समेंट (पॉलिसीत लेखी दुरुस्ती) करून घ्या. पॉलिसी पसंत नसेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

दोन पॉलिसी असतील तर क्लेम कसा करायचा

दोन्हीकडून पूर्ण बिल वसूल करता येत नाही. हॉस्पिटलचा प्रत्यक्ष खर्च भरून देणाऱ्या पॉलिसींत एकूण भरपाई खर्चापेक्षा जास्त होऊ शकत नाही. पण आधी कोणती वापरायची हे ठरवायचा हक्क विमाधारकाचा आहे, विमा कंपनीचा नाही. निवडलेल्या पॉलिसीची रक्कम कमी पडली तर उरलेलं दुसरीकडून मागता येतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार, ज्या कंपनीकडे आधी क्लेम केला तिनेच दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधायचा आहे. तरी स्वतः मागे लागायची तयारी ठेवा.

आकडे घेऊन पाहू. बिल २,४०,००० रुपये. त्यातले १५,००० हातमोजे, फॉर्म चार्जेस अशा न मिळणाऱ्या गोष्टींचे. उरले २,२५,०००. वडिलांच्या ग्रुप पॉलिसीत १,५०,००० शिल्लक आहेत, तिथून ते मिळाले. राहिलेले ७५,००० आईच्या फ्लोटरमधून मागायचे. त्यासाठी लागतं पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, कारण मूळ बिलं तिकडे जमा झालेली असतात, आणि हॉस्पिटलने शिक्का मारलेल्या बिलांच्या प्रती. डिस्चार्जच्या दिवशीच या प्रती मागून घ्या. नंतर बिलिंगच्या खिडकीवर खेपा घालाव्या लागतात. आणि ते १५,००० खिशातून, ज्याची वाटणी कन्सेंट टर्म्समध्ये आधीच लिहिलेली बरी.

आधी ग्रुप वापरा, असं मी सांगेन. तिथे क्लेम केल्याने तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारा लाभ) जात नाही. वैयक्तिक पॉलिसीत तो जातो किंवा कमी होतो. मात्र वडिलांच्या ग्रुपमधली रक्कम नवीन जोडीदार आणि आजी-आजोबा यांच्यातही वाटलेली असू शकते. जानेवारीत आजोबांची अँजिओप्लास्टी झाली असेल तर मार्चमध्ये नातवासाठी काय उरलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. वर्षातून दोनदा विचारा. यात अवघडल्यासारखं वाटून घेऊ नका.

दररोज ठरावीक रक्कम देणारी हॉस्पिटल कॅशसारखी पॉलिसी असेल तर ती मात्र दुसऱ्या विम्याचा विचार न करता स्वतंत्रपणे पैसे देते.

कन्सेंट टर्म्समध्ये काय लिहावं

हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा, १९५६ मध्ये ‘पोटगी’ची व्याख्या अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण यांवर थांबत नाही. वैद्यकीय देखभाल आणि उपचार त्यात स्पष्ट शब्दांत आहेत, आणि कलम २० नुसार मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांवरही आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली आणि विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम ३८ खाली न्यायालय मुलाचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दल आदेश देऊ शकतं आणि डिक्रीनंतरही ते बदलू शकतं. धर्म कोणताही असो, मुलाच्या पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहेच, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५. म्हणजे विम्याचा हप्ता मागणं म्हणजे कुणाकडे मेहेरबानी मागणं नाही. न्यायालयात उत्पन्न आणि खर्चाचं शपथपत्र द्याल तेव्हा मुलाचा हप्ता, औषधं, चष्मा, दात हे खर्च त्यात स्वतंत्र दाखवा.

आमच्या त्या एका ओळीऐवजी आता मी हे लिहून घेईन. तुमच्या वकिलांना दाखवा, ते भाषा नीट करतील:

‘अपत्याच्या नावे किमान (रक्कम) रुपयांचे वैयक्तिक आरोग्य विमा कवच अखंड चालू राहील. पॉलिसीची प्रस्तावक (प्रपोजर) आई राहील. अपत्याच्या वाट्याचा हप्ता वडील नूतनीकरणाच्या ३० दिवस आधी आईच्या खात्यात जमा करतील.’

‘वडिलांच्या नोकरीतील समूह विम्यात अपत्याचे नाव समाविष्ट राहील. नोकरी बदलल्यास किंवा पॉलिसी बंद होणार असल्यास वडील ते कळल्यापासून ७ दिवसांत आईस लेखी कळवतील.’

‘दोन्ही पालक प्रत्येक नूतनीकरणानंतर ७ दिवसांत पॉलिसी व ई-कार्डाची प्रत एकमेकांना देतील.’

‘क्लेमची रक्कम ज्याच्या खात्यात जमा होईल त्याने ती ७ दिवसांत बिल भरणाऱ्या पालकास द्यावी. ही रक्कम पोटगी अथवा अन्य कोणत्याही देण्यातून वळती करता येणार नाही.’

‘विम्यातून न मिळणारा वैद्यकीय खर्च उभयता (प्रमाण) या प्रमाणात सोसतील.’

‘ही तरतूद अपत्याचे वय २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत अथवा ते कमावते होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत लागू राहील.’

शेवटचं कलम गाळू नका. कायद्यातली पोटगीची जबाबदारी साधारणपणे अठराव्या वर्षापर्यंतची (स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अविवाहित मुलीसाठी त्यापुढेही). मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असतानाच अठरा पूर्ण होतात आणि नेमका तेव्हा हप्ता थांबतो. लिहून ठेवलं असेल तर थांबत नाही. आणि चौथं, वळते न करण्याचं, ते मी स्वतः पोळल्यावर शिकले.

काउंटरवर उभं राहण्याची तयारी

दोन्ही घरी एकसारखी पारदर्शक फाइल ठेवा आणि तिचे फोटो दोन्ही फोनमध्ये. त्यात असावं: प्रत्येक पॉलिसीचं ई-कार्ड, मुलाचं आधार, जन्मदाखल्याची प्रत, दोन्ही पालकांच्या आधार आणि पॅनच्या प्रती, ग्रुप पॉलिसी असेल तर कर्मचारी ओळखपत्राची प्रत, ताब्याच्या आदेशाचं संबंधित पान, टीपीएचा हेल्पलाइन क्रमांक. कर्मचारी ओळखपत्राची प्रत लोक विसरतात. ग्रुपच्या कॅशलेससाठी, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट हॉस्पिटलला द्यावं यासाठी, डेस्कवर ती हमखास मागतात आणि ज्याचं ते ओळखपत्र तो माणूस दुसऱ्या शहरात असतो.

दाखल करताना ‘पॉलिसीधारक कोण?’ विचारलं की खरं आणि थोडक्यात सांगा: “मी मुलाची आई. पॉलिसी वडिलांच्या नावे आहे, ही प्रत.” घटस्फोटाची कहाणी डेस्कवर सांगायची गरज नाही. कॅशलेसची विनंती पोचल्यापासून विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्या वेळेचे जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे, असा २०२४ चा नियम आहे. वेळा कागदावर लिहून ठेवा. अचानक दाखल करावं लागलं तर सहसा २४ तासांत टीपीएला कळवायचं असतं. पूर्वनियोजित ऑपरेशन असेल तर काही दिवस आधी.

उपचाराच्या संमतीपत्रावर हजर असलेल्या पालकाची सही चालते. आई ही वडिलांच्या हयातीतही मुलाची नैसर्गिक पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केलं आहे. सुट्टीत मूल आजीकडे किंवा मावशीकडे राहणार असेल तर मात्र तिच्या नावे एक साधं अधिकारपत्र, ई-कार्ड आणि दोघांचे फोन नंबर देऊन ठेवा.

दुसरा पालक साथ देत नसेल तर

वाट पाहू नका. आधी स्वतः मुलासकट पॉलिसी घ्या. छोटी का असेना, आज सुरू झाली तर प्रतीक्षा काळ आजपासून मोजला जाईल. मग लेखी विचारणा करा, मेल किंवा व्हॉट्सॲपवर, शांत शब्दांत: मुलाचं नाव तुमच्या पॉलिसीत चालू आहे का, असल्यास ई-कार्ड पाठवा. उत्तर आलं नाही तर तीच विचारणा पुढे कौटुंबिक न्यायालयात कामाला येते. आदेश किंवा कन्सेंट टर्म्स असूनही पाळत नसतील तर अंमलबजावणीसाठी अर्ज करता येतो. आदेशात विमा नसेलच तर तो घालून घेण्यासाठीही करता येतो.

आणि एक विनंती, दोन्ही बाजूंना. मूल भेटायला येऊ दिलं नाही म्हणून हप्ता थांबवायचा, किंवा हप्ता आला नाही म्हणून भेट अडवायची, हे करू नका. न्यायालयात ते दोघांच्याही अंगाशी येतं. आणि आजारी मूल दवाखान्याच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत असतं.

भांडण विमा कंपनीशी असेल तर रस्ता सरळ आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिथे दाद लागली नाही तर आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा हेल्पलाइन क्रमांक. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची सुनावणी होते, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला लोकपालांची कार्यालयं आहेत. ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही तिथे चालतात.

उरलेल्या बारीक गोष्टी

आयकरातली वजावट, जिला सगळे ८०डी म्हणून ओळखतात, ती ज्याने हप्ता भरला त्यालाच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि हप्ता रोखीने भरला तर नाही. आईच्या पॉलिसीचा हप्ता तिच्या खात्यातून गेला तर वजावट तिची.

पुनर्विवाह झाल्यास नव्या जोडीदाराच्या ग्रुप पॉलिसीत सावत्र मूल बसतं का, हे पॉलिसीतल्या ‘आश्रित मूल’ या व्याख्येवर अवलंबून असतं. काही ठिकाणी बसतं, काही ठिकाणी फक्त स्वतःचं किंवा दत्तक. व्याख्या वाचल्याशिवाय जुनं कवच सोडू नका.

विमा रक्कम वाढवायची असेल पण हप्ता परवडत नसेल तर सुपर टॉप-अप पाहा. खालची ठरावीक रक्कम ओलांडल्यावर ती चालू होते, आणि ती खालची रक्कम दुसऱ्या पालकाच्या ग्रुप पॉलिसीतून भरली गेली असली तरी सहसा चालतं.

तारखा फोनच्या कॅलेंडरवर टाका, दोघांच्याही. रिन्युअलच्या ६० दिवस आधी एक, ३० दिवस आधी एक, संपण्याच्या आठवडाभर आधी एक. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, मासिक हप्त्याला १५, पण वार्षिक पॉलिसी संपून त्या मधल्या दिवसांत मूल आजारी पडलं तर क्लेम मिळेलच असं धरून चालू नका. माझ्या कॅलेंडरवर आणखी एक तारीख आहे, बरीच पुढची: मुलाच्या पंचविसाव्या वाढदिवसाआधीचे तीन महिने. तेव्हा त्याला आमच्या फ्लोटरमधून त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत, जमा झालेल्या सगळ्या वर्षांसकट, हलवायचं आहे.